बडोद्याचे कलाभवन आणि शास्त्राची मराठी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपले सर या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत असत. १९६० नंतरच्या दशकात मी त्यांच्या वर्गात होतो. पुढे मी शास्त्रशाखा सोडून मराठीकडे वळलो, हे त्यांना शेवटपर्यंत फारसे रुचले नाही. परंतु शब्दांकडे पाहण्याची दृष्टी मला प्रथम मिळाली ती मराठीच्या तासाला नव्हे, त्यांच्या भूमितीच्या तासाला. वर्तुळाची त्रिज्या शिकविताना त्यांनी एकदा फळ्यावरचे वर्तुळ अर्धेच ठेवले आणि विचारले, "त्रिज्या म्हणजे तीन कसल्या ज्या?" आम्ही गप्प. मग त्यांनी सांगितले की, आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात राशी बारा, म्हणून तीन राशी म्हणजे नव्वद अंश, आणि तीन राशींची ज्या ती त्रिज्या. नव्वद अंशांची ज्या वर्तुळाच्या मध्यापासून परिघापर्यंतच्या अंतराइतकी होते, म्हणून त्या अंतराचेच ते नाव पडले. 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी, तिचाच पर्याय 'जीवा'. हा जीवा शब्द अरबांनी उचलला, त्यांच्या लिपीत त्याचे वाचन पुढे 'जैब' असे झाले, जैब म्हणजे वस्त्राचा खोलगट भाग, आणि युरोपातल्या भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा लॅटिन शब्द घेतला, 'सायनस'. इंग्रजी शाळेतला मुलगा ज्याला 'साइन' म्हणतो ती आपली धनुष्याची दोरी आहे, असे सर म्हणाले, आणि वर्तुळ पुरे केले.

आजच्या व्याख्यानासाठी विषय निवडताना तो तास आठवला. शास्त्र आणि तंत्र मराठीतून शिकता येते काय, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून ज्वरासारखा चढतो आणि उतरतो. त्याची चर्चा करताना आपण भाषेच्या सामर्थ्याविषयी पुष्कळ बोलतो. मला मात्र आज इतिहासाच्या आधारे दुसरी एक गोष्ट पाहावयाची आहे : ज्या ज्या वेळी आपल्या भाषेतून शास्त्र शिकविले गेले, त्या त्या वेळी शिकणाऱ्याला पुढे काम कोणी दिले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आपल्या बडोद्याइतके सोयीचे गाव दुसरे नाही, कारण येथे कलाभवन होते.

बडोद्याकडे येण्यापूर्वी थोडे मागे, मुंबईस जाऊन येऊ. १८२३ साली मुंबईत सरकारने स्थापत्य व मोजणी शिकविणारी एक संस्था काढली आणि ती कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या लष्करी अभियंत्याच्या हाती दिली. जर्व्हिसने निर्णय घेतला की, येथील मुलांना गणित मराठीतून आणि गुजरातीतून शिकवावयाचे. त्यासाठी त्याने पंडितांच्या साहाय्याने इंग्रजी गणितग्रंथांची भाषांतरे सिद्ध केली. अंकगणित, बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती हे सर्व विषय मराठी गद्यात आले. आणि हे लक्षात ठेवावे की, त्या वेळी मराठीत छापील गद्य म्हणण्यासारखे जवळजवळ नव्हतेच. 'दर्पण' निघण्यास अद्याप नऊ वर्षे अवकाश होता. म्हणजे आधुनिक मराठी गद्याच्या पाळण्यात निबंध आणि कादंबरी येण्यापूर्वी त्रिकोणमिती येऊन निजली होती. आम्ही मराठीचे प्राध्यापक वाङ्मयाचा इतिहास शिकविताना हे सोयीस्करपणे विसरतो.

ही मुले शिकली, याचे कारण त्यांची भाषा सोपी होती एवढेच नव्हे. मोजणी आणि इमारत या खात्यांना माणसे हवी होती. साखळी धरणारा, कोन मोजणारा, नकाशा काढणारा मनुष्य त्या दिवसांत विलायतेहून आणणे परवडत नव्हते. शिकलेल्या मुलासमोर काम उभे होते, म्हणून 'कर्ण' आणि 'लंब' हे शब्द पुस्तकातून निघून शेताच्या बांधावर गेले.

बाळशास्त्री जांभेकरांनी पुढे 'शून्यलब्धि' हा कलनगणितावरील ग्रंथ मराठीत लिहिला. हरि केशवजी पाठारे यांनी रसायनशास्त्रावर संवादरूप पुस्तक केले. शून्यलब्धि! किती देखणा शब्द आहे पहा. शून्याकडे जाणाऱ्या लहान लहान अंतरांतून जे लाभते ते, असा सगळा आशय त्यात मावला आहे. तो शब्द मात्र मेला. कलनगणित शिकून मराठी मुलाने पुढे कोणते काम करावयाचे, याचे उत्तर त्या काळी मराठीत नव्हते. जे काही होते ते इंग्रजीत होते. गणिताचा शब्द वहीत राहतो, पण वहीत ठेवून तो जगत नाही.

१८४७ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षणमंडळात माध्यमाचा वाद पेटला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूचा, आणि त्याच्याबरोबर जगन्नाथ शंकरशेट. हा वाद वाचताना एक मौज दिसते. इंग्रज न्यायाधीश म्हणतो की, उच्च ज्ञान इंग्रजीतूनच येईल. आणि प्रत्यक्ष मराठीतून त्रिकोणमिती शिकविलेला इंग्रज अभियंता म्हणतो की, परकी भाषेतून शास्त्र थोड्यांपर्यंत जाईल, लोकांपर्यंत जाणार नाही. ज्याने शिकविले होते त्याचे म्हणणे मागे पडले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले ते इंग्रजीचेच. मधल्या काळात वैद्यकाला मात्र मराठीची गरज पडत राहिली. १८६१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठीतून वैद्यक शिकविणारा वर्ग सुरू झाला. तेथे शिकविणाऱ्या डॉ. सखाराम अर्जुन यांनी मराठीत वैद्यकावर लेखन केले. त्यामागेही तेच कारण : गावोगावच्या दवाखान्यांना माणसे हवी होती.

आता बडोदे.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसलेल्या सयाजीरावांविषयी या सभागृहात मी काही नवे सांगावे असे नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात, हे आपण पाठ केले आहे. त्या मानाने कलाभवनाचे मूळ आपण कमी जाणतो. त्याचे मूळ एका सुतार घराण्यात आहे. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेचे. गज्जर या आडनावाचा अर्थच सुतार. परंपरेने लाकूड आणि बांधकाम यांत हात असलेल्या या घरातील मुलगा मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन एम्. ए. झाला आणि बडोदे कॉलेजात त्या विषयाचा प्राध्यापक म्हणून आला. कारागिराच्या घरी जन्मलेला आणि प्रयोगशाळेत वाढलेला असा मनुष्य त्या काळी दुर्मीळ होता. हात आणि पुस्तक यांच्यामध्ये जी भिंत आपल्या समाजाने शतकानुशतके बांधली, ती त्याच्या घरातच नव्हती. गज्जरांनी कलाकौशल्याच्या मोठ्या शिक्षणसंस्थेची योजना मांडली, महाराजांनी ती उचलली, आणि १८९० मध्ये कलाभवन उघडले. गज्जर त्याचे पहिले प्रमुख झाले.

चित्रकला, बांधकाम, यंत्रकाम, रंगकाम, विणकाम, अशा शाखा तेथे निघाल्या. यांपैकी रंगकामाविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण गज्जरांचा जीव तेथे होता आणि काळाचा घावही तेथेच बसत होता.

आपल्याकडचा रंगारी शेकडो वर्षे तांबडा रंग मंजिष्ठेपासून किंवा आलीच्या मुळांपासून काढी, निळा रंग निळीपासून. नुसते मूळ उकळून कापड त्यात बुडविले तर रंग धुऊन जातो. म्हणून रंगारी आधी कापडाला हिरड्याचे पाणी देई, तुरटी देई. तुरटीतला धातू एका बाजूने धाग्याला धरतो, दुसऱ्या बाजूने रंगाला धरतो, आणि मग रंग पक्का बसतो. तुरटीच्या ठिकाणी हिराकस वापरला तर तोच रंग काळपट होतो. हे सर्व रंगाऱ्याला ठाऊक होते. का होते हे ठाऊक नव्हते. १८६८-६९ मध्ये जर्मन रसायनज्ञांनी विलायती मंजिष्ठेच्या मुळातील मुख्य रंगद्रव्य डांबरातून मिळणाऱ्या द्रव्यापासून कृत्रिम रीतीने बनविले, आणि ते पिंपांनी भरून हिंदुस्थानच्या बाजारात येऊ लागले. १८९७ मध्ये कृत्रिम निळही बाजारात आली. रंगाऱ्याच्या हातातील विद्या, आणि मुळे लावणाऱ्या शेतकऱ्याचे पीक, ही दोन्ही एका पिढीत बुडाली. अशा वेळी काय करावयाचे? जुन्या रंगांचे गोडवे गावेत, की नव्या रंगांची रसायनविद्या रंगाऱ्याच्या पोराला शिकवावी? गज्जरांनी दुसरे केले. जर्मनीतून जाणकार बोलावला, प्रयोगशाळा उभी केली, आणि रंगविद्येवर 'रंगरहस्य' नावाचे नियतकालिक गुजरातीत चालविले.

गुजरातीत, हे मुद्दाम सांगतो. आपण बडोद्याची मराठी मंडळी कलाभवनाचा अभिमान बाळगतो आणि बोलताना असा भास निर्माण करतो की, ती जणू मराठी विद्येची शाखा होती. तसे नव्हते. या राज्यातील प्रजेची भाषा गुजराती होती. मराठी ही दरबाराची आणि दरबाराबरोबर आलेल्या लोकांची. कारागिराला त्याच्या भाषेत शिकवावयाचे हा जर हेतू, तर ती भाषा प्रथम गुजरातीच असणार. मराठीला तेथे स्थान होते, पण ते शेजारणीचे. महाराजांनी गज्जरांच्या विनंतीवरून देशी भाषांत शास्त्रीय ग्रंथ तयार करण्यासाठी पन्नास हजार रुपये मंजूर केले, त्यातून 'सयाजी ज्ञानमंजूषा' ही ग्रंथमाला निघाली, आणि पारिभाषिक शब्दांचा अनेक भाषांतील कोश करण्याचे कामही गज्जरांनी हाती घेतले. त्या काळचे पन्नास हजार म्हणजे काय, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या आजोबांच्या पगारावरून करावा.

हैदराबादेत १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तेथे शास्त्रेसुद्धा उर्दूतून शिकविली जाऊ लागली, तेव्हा देशी भाषेचा तो मोठा विजय मानला गेला. तो होताच. परंतु त्याच राज्यातील मराठवाड्याच्या, तेलंगणाच्या, कानडी मुलखातल्या मुलाला उर्दू ही काही आईची भाषा नव्हती. 'मातृभाषा' हा शब्द आपण उच्चारतो तेव्हा कोणाची माता, हे विचारावे लागते. बडोद्याने हा प्रश्न हैदराबादपेक्षा अधिक प्रामाणिकपणे सोडविला असे माझे मत आहे, आणि त्यात मराठीचा मान थोडा कमी होतो याचे मला वाईट वाटत नाही.

आता काम कोठे होते, हा आपला मूळ प्रश्न. येथे कलाभवनाची कथा थोडी खिन्न होते. १८९० मध्ये बडोदे राज्यात कारखाने किती होते? शिकलेला रंगकर्मी, शिकलेला यंत्रकर्मी जाणार कोठे? मुंबई, अहमदाबादच्या गिरण्या होत्या, तेथे काही गेले. राज्याच्या चौकटीत मात्र शास्त्र शिकलेल्या माणसाला अखेर कारकुनीची किंवा मुलकी अधिकाराचीच खुर्ची मोकळी असे. दांडिया बाजारातील खासेराव जाधवांचा वाडा आपल्याला माहीत आहे तो योगी अरविंदांच्या वास्तव्यामुळे. या खासेरावांना राज्याने शेतीशास्त्र शिकण्यासाठी इंग्लंडला पाठविले होते. परत आल्यावर ते मुलकी खात्यात अधिकारी झाले. उत्तम अधिकारी झाले; पण शेतीशास्त्र राहिले बाजूला. महाराजांसारखा द्रष्टा राजा असूनही हे घडले. शिक्षण राजाच्या आज्ञेने निघते, कारखाना केवळ आज्ञेने निघत नाही.

गज्जर १८९६ मध्ये बडोदे सोडून मुंबईस गेले आणि तेथे त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते एका निराळ्याच कामाने. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कोणी डांबर फासले. ते कोणी फासले हे पुढे दामोदर चापेकरांच्या आत्मवृत्तामुळे सर्वांना कळले. संगमरवर सच्छिद्र असतो. डांबर आत मुरते. घासून जात नाही. तो डाग १८९८ मध्ये गज्जरांनी रसायनाने काढला. माझ्या लहानपणी ही गोष्ट सांगताना घरातील वडील मंडळी अडखळत. चापेकरांचा अभिमान वाटावा की गज्जरांचा? सर म्हणत, "दोघांनीही डांबर नीट समजून घेतले होते." सरांना राजकारण कमी कळे, पण असे बोलणे साधे.

कलाभवनातून गेलेल्यांची पुढची वाटचाल पाहिली म्हणजे विद्या कोठे रुजली आणि कोठे नाही हे दिसते. १८९० च्या सुमारास चित्रकला शिकण्यासाठी तेथे आलेल्या एका त्र्यंबकेश्वरच्या तरुणाला गज्जरांनी छायाचित्रणाची खोली वापरू दिली. ते धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मागे प्रतिभा होती, तशी काचेवरचे रसायन हाताळणारी बोटेही होती, आणि त्या बोटांना वळण लागण्यात बडोद्याचा वाटा आहे. दुसरे उदाहरण १९०७ चे : गज्जरांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या प्रयत्नातून बडोद्यात अलेंबिक हा रसायनांचा कारखाना उभा राहिला. एक मराठी, एक गुजराती, गुरू सुरतेचा. कलाभवन निघून सतरा वर्षे झाल्यावर का होईना, शिकलेल्याला काम देणारी जागा गावातच निघाली. अलेंबिक म्हणजे ऊर्ध्वपातनाचे पात्र. हेही नाव अरबीतून आलेले. शब्दांचा प्रवास सर्वत्र सारखाच आहे.

आता जो प्रसंग सांगतो तो मराठीच्या माणसाने अधिक लक्षात ठेवावा असा आहे. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून जयंत नारळीकर निवडले गेले, तेव्हा वैज्ञानिकाला हा मान प्रथमच मिळतो आहे असे पुष्कळांना वाटले. नारळीकर २०२५ मध्ये आपल्यातून गेले. त्यांच्या थोरवीला यत्किंचित बाधा न आणता सांगावयाचे ते हे की, याच बडोद्यात १९०९ साली भरलेल्या संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. लष्करी वैद्यक सेवेतील शल्यवैद्य, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि कवीही. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचा त्यांचा मोठा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही अभ्यासक तो उघडतात. तो इंग्रजीत आहे. येथेच सगळी गोम आहे. मराठी सारस्वतांनी ज्याला मस्तकी बसविले, त्या वनस्पतिज्ञाला आपले शास्त्र मराठीत लिहून जगाशी बोलता येत नव्हते; मराठीत त्याने कविता लिहिल्या. शास्त्र एका भाषेत आणि भाव दुसरीत, ही वाटणी तेव्हाच पक्की झाली होती.

त्यानंतर कोशांचा काळ आला. महाराजांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये 'सयाजीशासनशब्दकल्पतरू' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतील कोश निघाला. १९४८ मध्ये य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा 'शास्त्रीय परिभाषा कोश'. महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने एकामागून एक परिभाषा कोश काढले. इकडे ३० एप्रिल १९४९ रोजी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रविद्येच्या शाखेत मिसळून गेले. पदवी आली, आणि पदवीबरोबर इंग्रजी आली. ज्या वर्षांत एकीकडे शब्दांचे कोश मोठे होत होते, त्याच वर्षांत ते शब्द वापरण्याच्या जागा मिटत होत्या.

या कथेत माझाही एक लहानसा अपराध आहे, तो आज सांगून टाकतो. १९८० नंतरच्या काळात मी एका परिभाषा समितीवर होतो. धंदेशिक्षणाच्या मराठी पुस्तकांसाठी शब्द सिद्ध करावयाचे होते. आम्ही पाचसहा जण, सर्व भाषेचे, कारखान्यात कधी न गेलेले. संस्कृत धातू काढावा, प्रत्यय लावावा, शब्द तयार. कानशीला मी 'घर्षणी' केले. स्क्रूच्या अंगावर जी फिरती खाच असते तिला माझ्याच सूचनेवरून 'सर्पिलिका' हे नाव ठरले, आणि त्या दिवशी मी घरी प्रसन्न चित्ताने परतलो. यादी घेऊन सरांकडे गेलो. ते तेव्हा निवृत्त होते. यादी त्यांनी चष्मा वर करून वाचली, काही बोलले नाहीत, आणि चप्पल घालून म्हणाले, "चल."

त्यांच्या ओळखीच्या एका मिस्त्रींच्या कारखान्यात आम्ही गेलो. मिस्त्रींची मराठी बडोद्याची, निम्मी गुजरातीत भिजलेली. सरांनी एक बोल्ट उचलला आणि विचारले, "याला काय म्हणता हो?"

"आटे, सर. आटे खाल्ले की नट धरत नाही."

सर माझ्याकडे पाहून हसले सुद्धा नाहीत. 'याचे आटे ढिले झाले आहेत' असे मी आयुष्यभर बोलत आलो होतो, आणि त्या आट्यांसाठी नवा शब्द घडवून मानधन घेऊन आलो होतो. मिस्त्रींनी मग एकेक वस्तू दाखविली. कानस, पान्हा, छिन्नी, गुण्या, ओळंबा, रंधा, पाचर. मळसूत्र हा शब्दही त्यांना माहीत होता. मोरचूद, हिराकस, नवसागर, टाकणखार, यांसाठी तर रसायनाच्या पुस्तकाने कधी नवे शब्द शोधण्याचे कारणच नव्हते. रंगारी, सोनार आणि कल्हईवाला यांच्या तोंडी ते होतेच. आमच्या यादीतले बहुतेक शब्द छापील पुस्तकात गेले आणि तेथेच राहिले. ते शब्द अशुद्ध होते असे नाही. ज्यांना ते वापरावयाचे होते त्यांना कोणी विचारले नव्हते.

सगळेच घडीव शब्द मरतात असा याचा अर्थ घेऊ नये. प्राणवायू जगला, कारण रुग्णालयात रोज लागतो. गुरुत्वाकर्षण, सूक्ष्मदर्शक जगले, कारण शाळेने ते पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले. दुर्बीण फारसीतून आली आणि घरचीच झाली. वीज हा शब्द बिलावर छापला जातो, म्हणून 'विद्युत्'ला मागे सारून तो पुढे आहे.

२०२१ पासून अभियांत्रिकीची पदवी मराठीतून देण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मान्यता दिली, आणि पिंपरी-चिंचवडला संगणकाचे शिक्षण मराठीतून देणारा वर्ग निघाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन्ही वार्ता ऐकून मला आनंद झाला आणि दोन्ही वेळा जर्व्हिसचे विद्यार्थी डोळ्यांसमोर आले. मराठीतून संगणक शिकलेल्या त्या मुलीला मुलाखतीत पहिला प्रश्न कोणत्या भाषेत विचारला जाईल? याचे उत्तर भाषेच्या प्राध्यापकांजवळ नाही. या सभागृहात कारखाने चालविणारे, मोठ्या कंपन्यांत माणसे निवडणारे आपले जे माजी विद्यार्थी बसले आहेत, त्यांच्याजवळ ते आहे.

आपल्या शाळेत विज्ञानाच्या मराठी वर्गात आज दोन बाकांवर मावतील एवढी मुले आहेत. तो वर्ग चालू ठेवावा की इंग्रजी वर्गात मिसळून टाकावा, यावर विश्वस्तांपुढे विचार चालला आहे, हे आपण जाणता. मी त्यात मत द्यावे अशी माझी योग्यता नाही. सर स्वतः दोन्ही भाषांत शिकवीत, हे मात्र सांगतो; मराठीत समजावून देत, मग तोच सिद्धांत इंग्रजीत म्हणवून घेत, आणि जो मुलगा इंग्रजीत घडघड म्हणे त्याला मराठीत विचारीत, "म्हणजे काय?" पाठांतर आणि समज यांतला फरक त्यांना या एका प्रश्नात कळे. पुष्कळ हुशार मुले तेथे अडत. मीही अडलो आहे.

सर कलाभवनाचेच विद्यार्थी. १९३० नंतरच्या दशकात तेथे यंत्रकाम शिकून ते शिक्षक झाले. त्यांच्या पश्चात घरच्या मंडळींनी मला त्यांची एक वही दिली, ती आज बरोबर आणली आहे. आखीव वही, पानावर तीन रकाने. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात पुस्तकी मराठी, तिसऱ्यावर शीर्षक आहे, 'कामावर काय म्हणतात'. आमच्या कारखान्याच्या फेरीनंतर केलेल्या नोंदी शाईच्या रंगावरून ओळखू येतात. सर्पिलिका दुसऱ्या रकान्यात आहे, तिच्यासमोर आटे. पुढे 'ल्युब्रिकंट'समोर दुसऱ्यात 'स्नेहक', तिसऱ्यात 'वंगण'. 'ट्रान्झिस्टर'पाशी दोन्ही रकाने मोकळे, पेन्सिलीने फक्त प्रश्नचिन्ह. त्यानंतर चाळीस-एक पाने नुसतीच आखून ठेवलेली आहेत.

ही वही आजपासून शाळेच्या ग्रंथालयात राहील. चहाच्या वेळी ती बाहेरच्या मेजावर ठेवीत आहे. आपल्यापैकी कोणी रंगाच्या कारखान्यात असेल, कोणी रुग्णालयात, कोणी संगणकाच्या धंद्यात; आपल्याकडे कामावर जे शब्द खरोखर बोलले जातात ते तिसऱ्या रकान्यात लिहावेत. सोबत पेन्सिल ठेवली आहे. शाईने लिहू नये. खोडाखोड झालेली सरांना चालत नसे.